तीन मतं कमी पडली
अमेरिकेने दुसऱ्या देशांवर घातलेले आर्थिक निर्बंध उठवणं सर्वस्वी अमेरिकी अध्यक्षांच्या मर्जीवर असतं, असं म्हटलं जातं. रशियाबाबत ते पूर्ण खरं नाही. २०१७ च्या 'काट्सा' या अमेरिकी निर्बंध कायद्यानुसार मोठी सवलत देण्याआधी अध्यक्षांना काँग्रेसला, म्हणजे अमेरिकी संसदेला, अहवाल द्यावा लागतो आणि साधारणपणे ३० दिवस थांबावं लागतं. दुखणं पुढे आहे. जानेवारी २०१९ मध्ये रुसाल या रशियन अ‍ॅल्युमिनियम कंपनीला निर्बंधांतून मोकळं करण्याविरुद्ध काँग्रेसच्या प्रतिनिधीगृहात ३६२ विरुद्ध ५३ मतं पडली. सिनेट या दुसऱ्या सभागृहातही ५७ जण विरोधात होते, पण विरोधाचा ठराव पुढे न्यायला ६० लागत होते. निर्बंध उठलेच! आणि ठराव मंजूर झाला असता तरी अध्यक्षांचा नकाराधिकार होताच. माझ्या मते नियम उलटा हवा: काँग्रेसने होकार दिल्याशिवाय अशी सवलत लागूच होऊ नये.