ग्रेगरी पेकचे तीन सिनेमे सुचवा (बाबांसाठी)

रेवा_क:
बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आता टीव्ही बघायला परवानगी मिळाली आहे. तरुणपणी ते ग्रेगरी पेकवर फिदा होते, भांगसुद्धा तसाच पाडायचे म्हणे. शुक्रवार ते रविवार रोज एक सिनेमा लावायचा बेत आहे. अटी: तिन्हीचं भाडं मिळून ३०० रुपये, सव्वादोन तासांच्या वर नको, आईला भुताखेतांचं अजिबात चालत नाही. आणि 'मॅकेनाज गोल्ड' नको, तो बाबांना पाठ आहे.

चहाबाज:
मॅकेनाज गोल्ड. बाकी सगळं पाणी. थेटरात नऊ वेळा पाहिलाय.

रेवा_क:
नको म्हटलंय हो!

मंजूताई:
'रोमन हॉलिडे', १९५३. पेक तेव्हा मोठा स्टार आणि ऑड्री हेपबर्न नवखी. तरी तिचंही नाव माझ्याएवढंच मोठं लावा, असं त्यानेच सांगितलं. ऑस्कर तिलाच मिळालं! तो दगडी तोंडात हात घालायचा सीन नीट बघा. त्याने तिला न सांगता, हात तुटल्यासारखा पंजा बाहीत लपवला होता, त्यामुळे ती किंचाळते ते अगदी खरं आहे.

दादरकर:
रोमन हॉलिडेला +१. पण 'गन्स ऑफ नॅव्हरोन' सोडू नका. अडीच तासांच्या वर आहे, पण आमच्या वडिलांनी बायपासनंतर एका बैठकीत पाहिला, काही झालं नाही. आणि टीव्हीवर कसले बघता, प्रोजेक्टर घ्या. मी ४२ हजारांचा घेतला, भिंत पांढरी करून घेतली. बायको अजून बोलत नाही.

जुनी_रद्दी:
डीव्हीडी घेऊ नका. मी पेकचा संच सेकंडहँड घेतला, वर पेकचा फोटो, आत योगासनं.
अवांतर: देव आनंद म्हणजे पेकची नक्कल.

चहाबाज:
नक्कल कसली? देव देव होता.

मंजूताई:
सुरैयाला पेक आवडायचा, हे तर जगजाहीर. पेक मुंबईत आला तेव्हा तिच्या घरी जाऊन आला होता.

दादरकर:
पेक सज्जन माणूस. आजच्या नटांसारखा नाही. एक बायको, एक संसार.

वकीलसाहेबा:
दोन. पहिलं लग्न १९४२ सालचं. १९५५ च्या ३० डिसेंबरला घटस्फोट आणि ३१ ला दुसरं लग्न, व्हेरोनिक पासानीशी. ती फ्रेंच पत्रकार, पॅरिसला त्याची मुलाखत घ्यायला आली होती. हा संसार मात्र २००३ मध्ये तो जाईपर्यंत टिकला.
रेवा, 'टु किल अ मॉकिंगबर्ड' लाव. दोन तास नऊ मिनिटं, तुझ्या अटीत बसतो. चार नामांकनं हुकल्यावर त्याला ऑस्कर मिळालं ते यासाठी. कादंबरीकार हार्पर लीने आपल्या वडिलांचं खिशातलं घड्याळ त्याला दिलं होतं, ऑस्करच्या रात्री ते त्याच्याजवळ होतं. कोर्टातलं त्याचं भाषण बघ. आमच्याकडे कोणी इतकं सावकाश बोललं तर न्यायाधीश पुढची तारीख देतील.

दादरकर:
मॉकिंगबर्डला +१. मीही तेच सुचवणार होतो.

शेखर_न:
'द ओमेन' (१९७६) तेवढा टाळा. १९७५ मध्ये पेकच्या थोरल्या मुलाने, जोनाथनने, आत्महत्या केली. त्यानंतर काही महिन्यांतच हे शूटिंग, आणि भूमिका एका बापाचीच. मानधन कमी घेऊन कमाईत वाटा मागितला होता, तो भरपूर मिळाला. पण आई घाबरतील.

मंजूताई:
ओमेन नकोच. मी दिवा चालू ठेवून झोपले होते.

जुनी_रद्दी:
ओमेन नको +१

रेवा_क:
सगळ्यांचे आभार. शुक्रवारी रोमन हॉलिडे लावला, बाबा त्या दगडी तोंडाच्या आधीच घोरायला लागले. शनिवारी हा धागा आईला वाचून दाखवला. जोनाथनचं ऐकून ती जरा वेळ मटार सोलत राहिली. मग म्हणाली, "तोच लाव." म्हणजे ओमेन! बाबा दोनदा पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघरात गेले, ती जागची हलली नाही. संपल्यावर एवढंच म्हणाली, "किती म्हातारा दिसतो रे हा यात."
मॉकिंगबर्डचे पैसे भरलेत, पण रविवारी कोणालाच बघावासा वाटला नाही. एकूण ३६० झाले.

चहाबाज:
म्हणजे मॅकेनाज गोल्ड राहिलाच.