मॅडोना यांचे मलावीतील दानकार्य: त्यात प्रसिद्धीचा वाटा किती?

चर्चाप्रस्ताव

उतारवयाकडे झुकलेल्या पॉप कलाकारांनी दानधर्माच्या बळावर चर्चेत राहणे मला अनुचित वाटते. मॅडोना यांनी २००६ मध्ये, वयाच्या ४८व्या वर्षी, आफ्रिकेतील मलावी या देशातल्या अनाथ मुलांसाठी संस्था काढली. त्याच वर्षी तेथील एका मुलाला दत्तक घेण्याची प्रक्रिया सुरू केली आणि ती बातमी जगभर गाजली. मलावीची राजधानी लिलाँग्वेजवळ मुलींची शाळा उभारण्याची त्यांची योजना मात्र लाखो डॉलर खर्च होऊनही २०११ मध्ये सोडून द्यावी लागली, आणि तिच्यासाठी ज्या ग्रामस्थांना जमीन सोडावी लागली होती त्यांच्याविषयी फारसे कोणी लिहिले नाही. पुढे दहा शाळा बांधल्याचे सांगण्यात आले, तेव्हा या नव्या शाळा नसून जुन्याच शाळांत वाढवलेल्या वर्गखोल्या आहेत, असे २०१३ मध्ये तेथील सरकारने जाहीर केले. याउलट ब्रिटिश पॉप गायक जॉर्ज मायकल यांनी एका गाण्याचे मानधन मुलांसाठीच्या दूरध्वनी मदतसेवेला दिले होते, आणि ते लोकांना कळले ते डिसेंबर २०१६ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर.

प्रतिसाद १

मी असहमत आहे. मॅडोना यांचा २००५चा अल्बम अनेक देशांत पहिल्या क्रमांकावर होता, त्यामुळे पुढच्याच वर्षी त्यांना मलावीच्या आधाराची गरज पडली, हे म्हणणे टिकत नाही. शाळेच्या अपयशाचा उल्लेख आपण सविस्तर केलात, पण २०१७ मध्ये मलावीतल्याच ब्लँटायर शहरातील सरकारी रुग्णालयाच्या आवारात त्यांच्या संस्थेच्या मदतीने सुरू झालेले, त्यांच्या दत्तक मुलीचे नाव दिलेले बालशस्त्रक्रिया केंद्र आपण वगळलेत. त्याआधी त्या देशात मुलांच्या शस्त्रक्रियेसाठी आणि अतिदक्षतेसाठी असे स्वतंत्र केंद्रच नव्हते. ज्या बाळाची शस्त्रक्रिया तेथे होते, त्याच्या आईला देणगीमागचा हेतू किती शुद्ध होता याच्याशी काय कर्तव्य? शिवाय पॉल मॅकार्टनी किंवा एल्टन जॉन या वयस्क पुरुष गायकांच्या दानकार्यावर ‘केविलवाणी धडपड’ असा शेरा सहसा कोणी मारत नाही. स्त्रीने वयस्क होणे हा संगीतव्यवसायात अपराधच ठरतो, असे मॅडोना यांनी २०१६ मध्ये एका पुरस्कार समारंभात सांगितले होते, आणि मला ते अगदी खरे वाटते.

प्रतिसाद २

वयाबाबतचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. मात्र रुग्णालय झाले म्हणून शाळेचा हिशेब मागायचाच नाही, हे मान्य नाही. देणग्या केवळ मॅडोना यांच्या खिशातून आल्या नव्हत्या, त्यांच्या नावावर विश्वास ठेवून इतरांनीही पैसे दिले होते.

चर्चाप्रस्तावकाचे उत्तर

रुग्णालयाचे मोल मी नाकारत नाही, आणि ते वगळायला नको होते हेही खरे. तरीही गाजावाजा करून पैसा उभारणाऱ्याने फसलेल्या कामाचा खर्चही तितक्याच ठळकपणे मांडावा, या मागणीवर मी ठाम आहे, मग ती व्यक्ती स्त्री असो वा पुरुष, २५ वर्षांची असो वा ६५.