पाहुणा, यजमान आणि मधला मोबाईल: तुमचे अनुभव लिहा

महाबळेश्वर, कास, बामणोली, तापोळा... आपल्या साताऱ्याकडं पाहुणा आता फोनवरूनच येतो. खोली, रस्ता, पैसे, सगळं त्यातच. यानं माणसं जवळ आली की लांब गेली? यजमान, गाडीवाले, पाहुणे, सगळ्यांनी लिहा. 'मस्त जागा, मस्त जेवण' नको. ते रिव्ह्यूत टाका.

शिवसागरच्या काठावरून

आमच्या घरीच पाहुण्यांची सोय आहे. बुकिंगचं मी बघते, जेवणाचं सासूबाई. त्यांना टाईप येत नाही, म्हणून त्या व्हॉइस मेसेज पाठवतात. पुण्याच्या एकांनी मेनू मागितला, तर सासूबाईंनी बटण दाबून धरलं अन् सुरू: "मेनू कसला बाबा, नाचणीची भाकरी हाय, पिठलं हाय, आमटी हाय. पोरं तिखट खात्यात का? न्हाय तर त्यांच्यापुरता दूधभात करू. अन् अंधाराच्या आत या, वाटंत गवे असत्यात." मागं भांडी वाजतायत, कोंबडा आरवतोय. ती मंडळी उतरली ती थेट चुलीपाशी: "गव्यांच्या आजी कुठायत?" अजून त्यांचे मेसेज येतात. सासूबाई फोन कानाला लावून ऐकतात आणि मधेच उत्तरंही देतात, पलीकडं कुणी आहे असं समजून.

आणि हो, एकानं रिव्ह्यूत एक तारा कापला. कारण काय, तर रेंज नाही. अहो, ते आम्हीच आधी लिहिलंय की!

गाडीवाला, पोवई नाका

मागं बसून मॅपवरची निळी रेघ बघत असतात, मी बरोबर चाललोय का ते. यवतेश्वराचा घाट चढून पुढं रेंज गेली की मग, "काका, तुम्ही इकडचेच का?" तिथून बामणोलीपर्यंत गप्पा. परतीला रेंज आली की पुन्हा माना खाली. यूपीआयनं सुट्ट्या पैशांची कटकट गेली, ते मात्र झ्याक.

महाबळेश्वरला गेलेला पाहुणा

दाराचा कोड मेसेजवर आला, राहिलो, निघालो. मालकाचं तोंड पाहिलं नाही. गरम पाण्यासाठी कळवलं तर उत्तर, 'आपली तक्रार नोंदवली आहे.' शेवटी माळीबुवांनी बादली आणून दिली.

कास पठारावरून

2012 मध्ये पश्चिम घाटाबरोबर कास जागतिक वारशाच्या यादीत गेलं. हंगामात ऑनलाइन बुकिंग ठेवलंय ते बरंच आहे, नाहीतर फुलांपेक्षा पाय जास्त. मी इथं माहिती सांगतो. हल्ली फुलावर फोन धरला की लॅटिन नाव येतं, मग मला कोण विचारतंय? परवा एका मुलीनं दवबिंदू नावाच्या कीटक खाणाऱ्या रोपाचा फोटो उभ्यानंच काढला, नाव मिळालं, निघाली. म्हटलं, ताई, जरा खाली बसा. पानाच्या लालसर केसांवर चिकट थेंब, त्यात बारकी माशी अडकलेली, एक पाय अजून हलतोय. ती उकिडवी बसली ती उठेचना, मागचे लोक ओरडायला लागले. जाताना माझा नंबर घेऊन गेली. टोपली कारवी सात वर्षांनी फुलते ना, तेव्हा कळवायचंय.

एकटी फिरणारी, सांगली

महाबळेश्वरला गेलेल्या पाहुण्यांनी ज्याची तक्रार केलीय, नेमकं तेच मला हवं असतं. पूर्वी लॉजच्या काउंटरवर, "एकट्याच? बरोबर कोण आहे? घरचा नंबर द्या." आता आधी बायकांचे रिव्ह्यू वाचते: कडी नीट लागते का, रात्री दार कोण वाजवतं. पैसे भरते आणि जाते. गप्पा मारायच्या की नाही, ते मी ठरवते. वाईला यजमानीणबाईंशी मध्यरात्रीपर्यंत मारल्या, पाचगणीला कुणाशी बोललेसुद्धा नाही. दोन्ही मुक्काम झकास.