'हॅक डे'ला मराठीत काय म्हणावं? सावड की इर्जिक?

गोदाकाठ
नमस्कार मंडळी. संभाजीनगरात पुढच्या महिन्यात एक दिवसाचा कार्यक्रम ठरलाय. जालना, बीड, परभणी, हिंगोलीकडचे तालुका वार्ताहर आणि प्रोग्रामिंग करणारी तरुण मुलंमुली सकाळपासून रात्रीपर्यंत एकत्र बसणार आणि बातमीदारीला उपयोगी पडेल असं काहीतरी तिथल्या तिथं तयार करणार. पहिला विषय पावसाचा. महसूल मंडळनिहाय पावसाचे तक्ते पीडीएफमध्ये येतात, त्यातले आकडे हातानं उतरवून घ्यावे लागतात. एखाद्या मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की ती अतिवृष्टी, आणि पुढची सगळी पंचनाम्याची, मदतीची गोष्ट त्या आकड्यावर उभी. तो आकडा वार्ताहराला सकाळीच मोबाइलवर मिळावा, एवढं साधन करायचंय.

इंग्रजी पत्रिकेवर 'हॅक डे' आहे, मराठी पत्रिका माझ्याकडे. मी 'हॅक दिन' लिहिलं, तर सभागृहवाल्यांनी पोलिसांना कळवलंय का म्हणून विचारलं. एक ज्येष्ठ वार्ताहर फोनवर म्हणाले, "ताई, गावात हॅक म्हटलं की खात्यातले पैसे गेले एवढंच कळतं. आमचा एक माणूस फिरकायचा नाही." मग मी 'बातमीची सावड' केलं. त्यावर गेवराईची मैत्रीण म्हणते, सावड बैलांची असते, माणसांच्या कामाला इर्जिक म्हणतात. माझं आजोळ पाथरीकडचं, तिथं माणसांचीही सावड ऐकलेली आहे.

कोण बरोबर? आणि पत्रिकेवर काय छापावं?

बालाघाट
ताई, दोन्ही शब्द वेगवेगळे आहेत, दोन्हीत माणसं असतात. आमच्या धारूर-केजकडं ज्याच्याकडं एकच बैल, तो दुसऱ्या एकबैल्याशी सावड करतो. आज जोडी माझ्या रानात, उद्या तुझ्या. हिशोब बरोबर ठेवलेला असतो, एक दिवस चुकला तर फेडावा लागतो. इर्जिकेत हिशोब नाही. कुणाचा बैल मेला, कुणी आजारी पडलं, नांगरट मागं राहिली, की सगळं गाव आपापली औतं घेऊन त्याच्या रानात उतरतं. एका दिवसात रान मोकळं. मजुरी नाही, जेवण तेवढं रानमालकाचं.

तुमच्या कार्यक्रमात एकच दिवस आहे, जो तो आपलं औत घेऊन येणार (मुलांचे लॅपटॉप, वार्ताहरांच्या वह्या), आणि जेवण यजमानाचं. ही सरळ इर्जिक झाली.

शब्दनिष्ठ
शेतीतला शब्द शेतीतच राहू द्यावा. ज्याला संकल्पना नवी आहे त्याला इर्जिक वाचून नांगरणीचं आमंत्रण वाटेल. संस्कृत धातूंतून सुटसुटीत शब्द घडवता येतात: 'वृत्ततंत्र निर्मिती दिन'. शिवाजी महाराजांनी रघुनाथपंतांकडून फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश करून घेतला तो काय हौस म्हणून? दिनांक, महापौर हे शब्द सावरकरांनी दिले तेव्हा त्यांनाही लोक हसलेच होते. आज ते न वापरणारा वार्ताहर दाखवा. हॅक, डे, डेटा, कोड असं सगळं उचलत गेलो तर वीस वर्षांनी मराठीत फक्त क्रियापदं उरतील.

जुना उपसंपादक
शब्दनिष्ठ, तुमची काळजी मला पटते, उपाय पटत नाही. मी आयुष्यभर एका कॉलमात बसेल असा मथळा शोधला. 'वृत्ततंत्र निर्मिती दिन' दोन ओळींत बसत नाही आणि तिसऱ्या ओळीला वाचक सुटतो.

आणि शुद्ध म्हणजे कुठपासून शुद्ध? वर ताईंनी 'महसूल मंडळ' लिहिलंय. महसूल अरबी, मंडळ संस्कृत. 'बातमीदार'मधला दार फारसी. आपल्याकडं निजामाच्या राज्यात कचेरीची भाषा उर्दू होती, जुन्या दप्तरात उर्दू आणि मोडी शेजारी शेजारी सापडतात. मराठवाड्याच्या मराठीनं ते पचवलं आणि ती मेली नाही.

मूळ इंग्रजी शब्दाबद्दल एक गोष्ट सांगतो, कारण इथं कुणी काढली नाही. तिकडं पत्रकारालाही 'हॅक' म्हणतात. भाड्यानं मिळणाऱ्या घोड्यावरून तो शब्द आला. पैसे द्याल ते लिहून देणारा, असा त्यात टोमणा आहे. २००९ मध्ये अमेरिकेत पत्रकार आणि प्रोग्रामर यांना एकत्र आणणारा गट निघाला, त्याचं नावच 'हॅक्स/हॅकर्स'. बर्ट हर्मन, रिच गॉर्डन आणि ॲरन पिलहोफर यांनी तो उभा केला. दोन्हीकडच्या माणसांनी आपल्याला दिलेली शिवी नाव म्हणून घेतली. आपल्याकडं त्या पहिल्या हॅकला नेमका शब्द आहे: बोरूबहाद्दर. बोरू गेला, टंकलेखन यंत्र गेलं, तरी शब्द टिकला.

मांजराकाठ
काका, बोरूबहाद्दर छापलं तर आमच्या लातूरचे वार्ताहर येतील, पण भांडायला येतील. मान नाही त्या शब्दात. तालुक्याचा वार्ताहर बातमीमागं मिळणाऱ्या तुटपुंज्या मानधनावर, स्वतःच्या पेट्रोलवर फिरतो. त्याला निदान पत्रिकेवर तरी नीट बोलवा.

कोडवाला नांदेड
मी दुसऱ्या बाजूचा. आमच्यातही हॅकर म्हणजे चोर नव्हता. अमेरिकेत एमआयटी या तंत्रविद्यापीठात खेळण्यातल्या रेल्वेचा क्लब होता, त्याच्या १९५५ च्या इतिवृत्तात विजेच्या यंत्रणेवर काम किंवा 'हॅकिंग' करणाऱ्यांनी फ्यूज उडू नये म्हणून वीज बंद करावी अशी सूचना आहे. म्हणजे खटपट करणं, उलगडून बघणं. 'हॅकाथॉन', म्हणजे एकत्र बसून सलग प्रोग्राम करायचा मेळावा, हा शब्द नंतरचा. १९९९ च्या जूनमध्ये ओपनबीएसडी ही संगणकप्रणाली करणारी दहा माणसं कॅनडात कॅल्गरीला जमली, तेव्हापासून तो चालतो. इथं २०१७ पासून केंद्र सरकारच 'स्मार्ट इंडिया हॅकाथॉन' भरवतंय, त्यामुळं इंजिनिअरिंगच्या पोरांना तो शब्द पाठ आहे. वार्ताहरांना नाही, अडचण तिथं आहे.

बातमीच्या कामातून आमच्या धंद्याला काय मिळालं तेही लिहितो, म्हणजे कुणी याला सरकारी शिबिर समजणार नाही. जँगो नावाची वेबसाइट बांधायची चौकट जगभर वापरतात, मीही रोज वापरतो. ती २००३ मध्ये कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स या छोट्या गावातल्या वर्तमानपत्रात जन्मली. एड्रियन होलोव्हाटी आणि सायमन विलिसन तिथं कामाला होते, बातमीची मुदत गाठायची म्हणून त्यांनी ती केली, आणि २००५ मध्ये ती सगळ्यांसाठी खुली झाली. हाच विलिसन २००९ मध्ये लंडनच्या 'गार्डियन'मध्ये होता. तिथं ब्रिटिश खासदारांच्या खर्चाची साडेचार लाखांवर पानं वाचकांकडून तपासून घ्यायचं साधन त्यानं आठवडाभरात उभं केलं. पत्रकाराला कागद कळतो, आम्हाला ढीग उपसता येतो.

आता स्वतःचा अनुभव. नांदेडला असंच एकदा बसलो होतो. बातम्यांच्या जुन्या साठ्यात 'शेतकऱ्यांना' शोधायचं होतं. माझा प्रोग्राम पटकन चालला आणि निकाल फार थोडे आले. मी तांत्रिकदृष्ट्या समाधानी होतो. शेजारी कंधारचे एक वार्ताहर बसले होते. त्यांनी यादी वरून खाली वाचली आणि म्हणाले, "माझी पीकविम्याची बातमी यात कामून नाही?" ती बातमी साठ्यात होती. उघडून अक्षरं सुटी केली तेव्हा कळलं. 'ऱ्या' दोन तऱ्हांनी टाइप होतो. एकात 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर, हलन्त आणि य. दुसऱ्यात साधा र, हलन्त, मग डोळ्याला न दिसणारं शून्य रुंदीचं जोडचिन्ह आणि य. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला ते दोन वेगळे शब्द. तिसरी तऱ्हा श्रीलिपी या जुन्या मराठी टंकातून रूपांतर करताना झालेली, तिथं थेट 'शेतकर्यांना' असा रफार. तिन्ही एकत्र केल्यावर बातम्या कितीतरी वाढल्या. त्या दिवशी मला कळलं की माणूस शेजारी बसल्याशिवाय हे होत नाही. ईमेलवर हा प्रश्न कधी आलाच नसता.

गोदाकाठ
दादा, हे पत्रिकेच्या मागच्या बाजूला छापावं इतकं मोलाचं आहे. मंडळांच्या तक्त्यातही हेच होतं. एकच गाव एका तक्त्यात शिरसाळा, दुसऱ्यात सिरसाळा.

जुना उपसंपादक
नावांची तर गंमतच विचारू नका. २०२३ नंतरच्या तक्त्यात धाराशिव आणि छत्रपती संभाजीनगर, आधीच्यात उस्मानाबाद आणि औरंगाबाद. अजून मागं गेलात तर अंबाजोगाई शोधायला मोमिनाबाद टाइप करावं लागेल. मुलांना हे कुणीतरी सांगायला हवं, नाहीतर संगणक जिल्हे जास्तीचे मोजेल.

शब्दनिष्ठ
हे सगळं मान्य. पण चर्चा शब्दाची आहे. आणि इथं 'डेटा'ला 'विदा' हा चांगला शब्द कुणी वापरत नाही, हेही बघा. विद् म्हणजे जाणणे. छोटा शब्द आहे, उपसंपादकांच्या एका कॉलमात सहज बसेल.

मांजराकाठ
विदा म्हणजे आमच्याकडं पाठवणी. उदगीरच्या बाजारात कुणालाही विचारा. 'पावसाचा विदा' वाचून लोकांना पाऊस गेला असं वाटेल, आणि मराठवाड्यात तो शब्द पावसाला लावू नये. 'आकडेवारी' काय वाईट आहे?

कोडवाला नांदेड
आकडेवारीत फक्त आकडे आले. फोटो, आवाज, गावांची नावं हे सगळं आमच्यासाठी डेटाच असतं. मला डेटा पुरतो.

शब्दनिष्ठ
पुरतो म्हणून घ्यायचा, ही सवयच मोडायला हवी. मी शाळेत शिकवतो. नववीच्या मुलाला 'जतन कर' म्हटलेलं कळत नाही, 'सेव्ह कर' कळतं. त्याची आजी बियाणं जतन करायची. एक शब्द घरातून गेला आणि घरात कुणाला पत्ताही नाही. मला याचं खरंच दुःख होतं.

बालाघाट
सर, म्हणून तर इर्जिक म्हणतोय. तोही जायच्याच वाटेवर आहे. ट्रॅक्टर आल्यापासून आमच्या गावात इर्जिक होत नाही. माझ्या मुलानं शब्द ऐकलेला नाही. नव्या कामाला लावला तर जगेल तरी.

उमरगेकर
इर्जिकेवर थोडं. आमची हद्द कर्नाटकाला लागून. कन्नडमध्ये 'एरु' म्हणजे नांगराला जुंपलेली बैलजोडी, तेलुगूतही तसाच शब्द आहे. इर्जिकेतला 'इर' तोच असावा असा माझा जुना तर्क आहे. सीमेवरच्या माणसाला हे शब्द असे आपोआप जुळताना दिसतात.

मांजराकाठ
माझे चुलते वेगळं सांगायचे. ईर म्हणजे चढाओढ, आणि पुढं 'जिंक'. औतं रांगेनं चालायची, कुणाचं तास आधी संपतं याची ईर लागायची, म्हणून ईरजिंक. ती ईर तुमच्या हॅक डेतही असतेच की.

उमरगेकर
चुलत्यांचा अर्थ ऐकायला गोड आहे, पण 'जिंक'मधला अनुस्वार कुठं गेला?

शब्दनिष्ठ
बोलीत अनुस्वार जातात. त्यावरून मात्र काहीच सिद्ध होत नाही. आणि 'सावड'बद्दल कुणी बोललं नाही म्हणून मी बोलतो. राख सावडणे हा तिसऱ्या दिवसाचा विधी आहे. मंगल कार्याच्या पत्रिकेवर हा शब्द नको.

बालाघाट
सर, खळ्यावर ज्वारीची रासही सावडतात. सावडणं म्हणजे विखुरलेलं गोळा करणं. दुःखातही तेच आणि सुगीतही तेच. तक्त्यातले आकडे गोळा करण्याला याहून नेमकं क्रियापद मला तरी सुचत नाही.

जुना उपसंपादक
आ. कृ. वाघमाऱ्यांनी १९३८ मध्ये 'मराठवाडा' हे वृत्तपत्र सुरू केलं. निजाम सरकारची बंदी आली की वेगळ्या नावानं अंक निघायचा. वाचक नाव बघत नव्हते, अंकाची वाट बघत होते. ताई, तुम्ही मोठ्या अक्षरात 'मंडळाचा पाऊस सकाळी सातला मोबाइलवर' असं छापा. खाली हॅक डे, इर्जिक, काहीही लिहा. वार्ताहर येतील.

गोदाकाठ
काका, मोठ्या अक्षरातली ओळ घेतली. पण खालच्या ओळीचं काय? आयोजकांना 'हॅक' राहायला हवाय, कारण मुलं त्या शब्दावर येतात. 'इर्जिक'ला बालाघाट दादा आणि उमरगेकर, 'सावड'ला मी एकटी. शब्दनिष्ठ सर, 'वृत्ततंत्र'पेक्षा छोटं काही सुचतंय का?

शब्दनिष्ठ
'वृत्तशाळा'. विचार करा.

कोडवाला नांदेड
शाळा म्हटलं की कुणीतरी शिकवणार आणि बाकीचे ऐकणार. तिथं तसं नाही.

कृष्णाकाठची सून
मी सासरी परभणीला, माहेर साताऱ्याकडं. आमच्याकडं याला पैरा म्हणतात. पैरा करायचा आणि पैरा फेडायचा. तुम्ही सगळे औतांबद्दल बोलताय म्हणून विचारते, खुरपणीला, कापूस वेचायला बायका एकमेकींच्या रानात जातात, त्याला इकडं काय म्हणतात? सासूबाई 'वारंगुळा' म्हणतात, जाऊबाई म्हणतात तो पुरुषांच्या कामाचा शब्द. बीड, हिंगोलीकडच्या कुणी सांगावं.

बालाघाट
वहिनी, आमच्याकडं बायका त्यालाही सावडच म्हणतात. पण आईला विचारून नक्की सांगतो, ती आज रानात आहे.

मांजराकाठ
वारंगुळा आमच्याकडं दोघांचाही. वार म्हणजे पाळी, असं मला वाटतं.

उमरगेकर
वार म्हणजे पाळी हे पटतं. मग 'गुळा' कुठला?