ज्वारी पुन्हा ताटात यायची, तर शेतात आणि रेशनवर काय बदलावे लागेल?

विचारणा : सीनाकाठ

मधुमेहाचे निदान झालेल्या जवळजवळ प्रत्येकाला आमच्या भागातील डॉक्टर भात कमी करून ज्वारीची भाकरी खाण्यास सांगतात. माझ्या आईलाही तोच सल्ला मिळाला. घरातील वडीलधाऱ्यांचे सारे लहानपण ज्वारीवर गेले. आज मात्र चांगली मालदांडी (रब्बी ज्वारीचे वाण) विकत घ्यायची, तर ती गव्हापेक्षा बरीच महाग पडते आणि शिधापत्रिकेवर गहू-तांदूळ मोफत मिळतात. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) ‘इंडियाब’ या मधुमेहविषयक अभ्यासानुसार देशात 10.1 कोटी लोकांना मधुमेह आहे आणि आणखी 13.6 कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. एवढ्या लोकांचा प्रश्न ज्याच्या त्याच्या पथ्यावर सोडून सुटेल, असे मला वाटत नाही. ज्वारी तिच्या स्वतःच्या मुलखात मागे का पडली आणि ती परत आणण्यासाठी शेती, खरेदी व रेशन यांत नेमके काय बदलावे लागेल? शेतकरी, आहारतज्ज्ञ आणि शासकीय कामाचा अनुभव असलेल्या सभासदांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर : काळीरान, मंगळवेढा तालुका

आमच्या घरी रब्बी ज्वारी अजून होते, म्हणून लिहितो. खरिपाची ज्वारी आणि रब्बीची ज्वारी यांच्या कहाण्या निराळ्या आहेत. 1964 मध्ये सीएसएच-1 हे संकरित वाण आले आणि खरीप ज्वारीचे उत्पादन वाढले. परंतु कणीस भरताना परतीचा पाऊस लागला की दाणा काळा पडतो आणि काळ्या दाण्याला भाव मिळत नाही. मराठवाडा-विदर्भात त्या रानांवर पुढे सोयाबीन आले. रब्बीची मालदांडी मात्र काळ्या रानात साठलेल्या ओलीवर येते, तिला खतपाणी फारसे लागत नाही आणि तिची भाकरी मऊ व गोडसर होते. मालदांडी 35-1 हे तिचे निवडक वाण मोहोळच्या ज्वारी संशोधन केंद्रातून 1930 च्या दशकातच पुढे आले होते. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकनही आहे.

असे असूनही क्षेत्र घटते, याचे मोठे कारण काढणी आहे. ताटे हाताने उपटायची, पेंढ्या बांधायच्या, कणसे मोडायची आणि मग मळणी करायची. हे काम बहुतांशी बायकांच्या हातून होते, हाताची सालटी निघतात आणि ऐन वेळी मजूर मिळत नाहीत. यंत्राने काढायची म्हटले तर बुटके वाण हवे, पण ताट बुटके झाले की कडबा घटतो. खरे सांगायचे तर अनेकांनी ज्वारी अजून ठेवली आहे ती कडब्यासाठी, कारण दावणीला जनावर आहे. ज्याच्या रानात कालव्याचे पाणी आले, त्याने ऊस लावला. कारखाना ऊस तोडून नेतो आणि उचल देतो, ज्वारीला असा हक्काचा खरेदीदार नाही.

2024-25 च्या पिकासाठी मालदांडीचा हमीभाव क्विंटलला 3421 रुपये आणि गव्हाचा 2425 रुपये होता. कागदावर ज्वारी वरचढ दिसते. परंतु खरेदी केंद्रच नसेल तर त्या आकड्याचा शेतकऱ्याला उपयोग काय?

उत्तर : आहारतज्ज्ञ, पुणे

सीनाकाठ, आपल्या आईंना मिळालेला सल्ला योग्यच आहे, परंतु ज्वारीला औषध मानू नये. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2017 मध्ये प्रसिद्ध केलेल्या तक्त्यांनुसार 100 ग्रॅम ज्वारीत सुमारे 10 ग्रॅम तंतू असतात, पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळात 3 ग्रॅमही नसतात; मात्र न चाळलेल्या गव्हाच्या कणकेत ते सुमारे 11 ग्रॅम असतात. म्हणजे मुख्य फरक भाकरी आणि चपातीचा नसून भरड पीठ आणि पांढरा तांदूळ किंवा मैदा यांच्यातील आहे. चार भाकऱ्या आणि पातळ आमटीचे वरचे पाणी, असे जेवण झाले तर साखर आटोक्यात येणार नाही. याच संस्थेच्या 2024 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तृणधान्यांतून मिळणारी ऊर्जा 45 टक्क्यांपेक्षा जास्त नसावी. आपल्याकडे ती 50 ते 70 टक्के आहे. उरलेली जागा डाळी, भाज्या, फळे, दूध आणि शेंगदाणे यांनी भरायला हवी.

आणखी एक बाब मला फार महत्त्वाची वाटते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1990 च्या दशकापासून पुण्याजवळच्या गावांमध्ये गरोदर माता आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. आपली बाळे वजनाने कमी असूनही त्यांच्या शरीरात चरबीचे प्रमाण तुलनेने जास्त असते, असे त्यातून दिसले, आणि मधुमेहाची बीजे गर्भातच पडू शकतात हा विचार पुढे आला. त्या गावांतील मातांमध्ये बी-12 जीवनसत्त्वाची कमतरता मोठ्या प्रमाणावर आढळली. त्यामुळे पन्नाशीत भाकरी सुरू करण्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, शेतमजूर गर्भवतीच्या ताटात काय पडते ते मोलाचे आहे. ज्वारीच्या काढणीला वाकलेली बाई स्वतः काय जेवते, हाही शेतीच्या धोरणाचाच प्रश्न आहे.

उत्तर : पुरवठा विभाग, निवृत्त

2013 च्या अन्न सुरक्षा कायद्यात तांदूळ 3 रुपये, गहू 2 रुपये आणि ज्वारीसारखे भरड धान्य 1 रुपया किलो असे दर होते. 2023 पासून हे धान्य मोफत आहे. म्हणजे रेशनवर ज्वारी देण्यास कायद्याची आडकाठी मुळीच नव्हती आणि नाही. अडचण खरेदी आणि साठवणुकीची आहे. गहू-तांदळाची खरेदी, गोदामे आणि वाहतूक यांची घडी अनेक दशकांत बसली, तशी ज्वारीची कधी बसवलीच गेली नाही. शिवाय 1972 च्या दुष्काळात रेशनवर आलेल्या लाल मिलोची (परदेशातून आणलेल्या लाल ज्वारीची) आठवण आमच्या पिढीत इतकी कडू आहे की, ‘रेशनची ज्वारी’ म्हटले की लोक नाक मुरडतात. दाण्याची प्रत सांभाळली नाही, तर योजना पहिल्याच हंगामात पडेल.

करता येते, हे ओडिशाने दाखवले आहे. तेथे 2017 मध्ये सात जिल्ह्यांत भरडधान्य अभियान सुरू झाले. बियाणे आणि लागवडीपासून नाचणीच्या सरकारी खरेदीपर्यंत आणि रेशनपासून अंगणवाडीतील लाडवांपर्यंत सारी साखळी एकत्र उभारली गेली, केवळ प्रचार केला नाही. आपल्याकडे सोलापूर, धाराशिव, अहिल्यानगर येथे जिल्ह्यातच खरेदी करून जिल्ह्यातीलच अंगणवाड्या, वसतिगृहे आणि रेशन दुकानांना ज्वारी द्यावी, असे माझे ठाम मत आहे. आहारतज्ज्ञांचा मुद्दा धरून त्यात तूर आणि हरभरा डाळही असावी, कारण ही पिके याच रानांत येतात.

सीनाकाठ

सर्वांचे आभार. काळीरान दादा, खरेदीची हमी मिळाली तर आपल्याकडील शेतकरी क्षेत्र वाढवतील का, की काढणीचा प्रश्न सुटल्याशिवाय काही होणार नाही?

काळीरान

खरेदीची हमी मिळाली तर कोरडवाहू शेतकरी वाढवेल, उसाचा शेतकरी वाढवणार नाही. परंतु काढणीची सोय सोबतच हवी. ताट बुडापासून कापून कडबा अखंड ठेवणारे, दोन-चार एकरांच्या शेतकऱ्याला भाड्याने मिळणारे लहान यंत्र गावोगावी आले, तर माझ्या ओळखीतली अनेक पडीक राने पुढच्याच रब्बीला पेरली जातील.