चर्चा: पुनर्लेखन करताना आजीची भाषा 'शुद्ध' करायची का?

एम.ए. (मराठी), दुसरं वर्ष

माझा प्रकल्प आजीच्या जात्यावरच्या ओव्यांवर आहे. गाव माण तालुक्यातलं, सातारा जिल्हा. चाळीसेक ओव्या मोबाईलवर रेकॉर्ड केल्या, घरी येऊन वहीत उतरवल्या आणि त्यावर लेख लिहिला. पहिल्या खर्ड्याची पहिली तीन पानं लोकसाहित्याच्या व्याख्यांची होती. ती दुसऱ्या खर्ड्यात काढून टाकली, त्याचं काही वाटलं नाही. खरी अडचण ओव्यांचीच झाली.

आजी म्हणते:
सांज झाली बाई, दिवं लावायाची येळ
बंधु न्हाई आला, जीवाचा लागं ना मेळ

मी लिहिलं होतं: 'दिवे लावायची वेळ', 'बंधू नाही आला', 'जिवाचा लागेना मेळ'. हात आपोआप तसा गेला. शाळेपासून वहीवर लाल गोल बघत आलेय, त्यामुळे 'न्हाई' लिहायला बोटं वळतच नाहीत. मार्गदर्शक बाईंनी समासात एवढंच विचारलं, 'आजी असं म्हणतात?' सुट्टीत घरी गेले तेव्हा आजीला माझी पानं वाचून दाखवली. ती गळ्यावर म्हणायला गेली आणि पहिल्याच ओळीत अडली. 'लावायची' म्हटलं की एक मात्रा कमी पडते, सूर लांबवायला जागाच उरत नाही. ती म्हणाली, "ही कुणाची गं? माझी न्हाई."

तिसऱ्या खर्ड्यात मी माझ्या सगळ्या दुरुस्त्या मागे घेतल्या. पुनर्लेखन म्हणजे चुका काढणं असं मी समजत होते. या वेळी ते पुन्हा नीट ऐकणं ठरलं. म्हणून माझं मत असं की दुसऱ्याचा आवाज लिहिताना शुद्धलेखनाचे नियम बाजूला ठेवावेत.

निवृत्त मुद्रितशोधक

पूर्ण असहमत. तीस वर्षं मुद्रितं तपासली आहेत, त्या अनुभवावरून सांगतो. शासनाने १९६२ साली १४ नियम मान्य केले, १९७२ साली त्यांत ४ नियमांची भर पडली. हे नियम बोलीच्या विरोधात नाहीत. पात्राच्या तोंडची भाषा बोलल्याप्रमाणे लिहायची मुभा त्यांतच आहे.

आता तुमच्याच दोन ओळी पाहा. 'न्हाई', 'येळ', 'दिवं', 'लावायाची' हे आजींचे उच्चार, त्यांना हात लावायचा नाही. पण 'बंधु' आणि 'जीवाचा'? शब्दाच्या शेवटचा उकार दीर्घ, म्हणून 'बंधू'. 'जीव'ला प्रत्यय लागताना त्याचं सामान्यरूप होतं, तेव्हा पहिलं अक्षर ऱ्हस्व होतं, म्हणून 'जिवाचा'. ओवीच्या सुरात ऱ्हस्व-दीर्घ कुठेही ताणलं जातं, तिथे आजी ऱ्हस्व म्हणाल्या की दीर्घ, हे तुम्ही कानाने ठरवलेलं नाही. ही तुमच्या हातची चूक आहे आणि ती तुम्ही त्यांच्या नावावर घालताय. सगळ्या दुरुस्त्या सरसकट मागे घेणं हा आळस आहे, रागावू नका.

स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा

मला तीन-तीन खर्डे हा प्रकारच पटत नाही. यूपीएससी मुख्य परीक्षेचा निबंधाचा पेपर २५० गुणांचा. तीन तासांत दोन निबंध, प्रत्येकी हजार-बाराशे शब्द, तेही हाताने. मी मराठीतून लिहितो. तिथे दुसरा खर्डा नावाची गोष्टच नाही. पहिली वीस मिनिटं कच्च्या पानावर मुद्दे जुळवायचे, क्रम ठरवायचा आणि मग थेट पक्कं लिहायचं. विचार आधी पक्का असेल तर पुनर्लेखन लागत नाही. आधी लिहून मग विचार करायची सवय लागली की परीक्षेत माणूस अर्ध्या निबंधात अडकतो.

शिक्षिका, माध्यमिक शाळा

परीक्षेपुरतं वरचं म्हणणं बरोबर आहे. पण ही सवय आम्ही आठवीपासून लावतो आणि मुलं गाईडमधला निबंध पाठ करून 'पक्कं' लिहायला शिकतात. या मुलीला अडचण कळली ती आजी अडली तेव्हा. कच्च्या पानावर मुद्दे जुळवून ती कधीच कळली नसती.

आणि सरकारी नियमांइतकाच दुसराही दाखला आपल्याकडे आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या अभ्यासकांनी गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. बायका जशा गायल्या तशाच त्या उतरवल्या, म्हणून आज त्या त्यांच्याच वाटतात.

एम.ए. (मराठी), दुसरं वर्ष

काका, 'बंधू' आणि 'जिवाचा' मान्य, बदलले. मी खरंच सरसकट मागे गेले होते. 'नियम बाजूला ठेवावेत' हे माझं वाक्यही मागे घेते.

पण काल रेकॉर्डिंग परत ऐकताना वेगळंच सापडलं. आजी वरच्या ओवीत 'येळ' म्हणते आणि सासरच्या ओवीत स्वच्छ 'वेळ'. चार वेळा ऐकलं. विचारल्यावर म्हणाली, ती ओवी शिकलेल्या जावेकडून घेतलेली, तिच्या तोंडी जशी होती तशीच. एका पानावर एक शब्द दोन तऱ्हांनी आला आहे आणि मी दोन्ही तसेच ठेवणार आहे.

निवृत्त मुद्रितशोधक

ठेवा. पण जावेची गोष्ट तिथेच खाली तळटीपेत लिहा. नाहीतर छापायच्या आधी माझ्यासारखा कुणीतरी दोन्ही एकसारखे करून टाकेल.