मदत हवी आहे: घरी बनवलेल्या मिडी कंट्रोलरच्या पॅनलवर छापील स्टिकर नीट बसेना

नमस्कार मंडळी. मी अमळनेरचा. घरीच लॅपटॉपवर अहिराणी गाण्यांचे ट्रॅक करतो, लग्नसराईत बँडसोबत कीबोर्ड वाजवतो. माउसने आवाज खाली-वर करायचा कंटाळा आला, म्हणून स्वतःच मिडी कंट्रोलर (नॉब-बटणांनी लॅपटॉपमधलं संगीताचं सॉफ्टवेअर चालवायची पेटी) जोडायला घेतला. प्रो मायक्रो बोर्ड (छोटा मायक्रोकंट्रोलर), 4067 मल्टिप्लेक्सर (अनेक नॉब एकाच पिनवर वाचणारी चिप), 10 के चे आठ पॉट (फिरवायचे नॉब), 60 मिमीचे चार फेडर (सरकवायचे नॉब), 24 मिमीची आठ आर्केड बटणं. नॉब फिरवला की सॉफ्टवेअरमध्ये 0 ते 127 आकडे सुरळीत पळतात. आतलं सगळं झकास, घोळ नुसता तोंडावर.

पॅनल म्हणजे पाटीवाल्याकडे उरलेला 3 मिमी एसीपी शीटचा (दोन अॅल्युमिनियम पत्र्यांमध्ये प्लास्टिक) तुकडा, 320 बाय 180 मिमी. भोकं मी पट्टीने मापून आधीच पाडली. मग इंकस्केप या ड्रॉइंग सॉफ्टवेअरमध्ये डिझाइन करून फ्लेक्सच्या दुकानातून व्हाइनलवर (मागे गोंद असलेली प्लास्टिक फिल्म) प्रिंट काढली, वर मॅट लॅमिनेशन. डावीकडचं पहिलं भोक जुळवलं तर उजवीकडचं शेवटचं जवळजवळ 3 मिमी सरकलेलं. तरी रेटून चिकटवलं. आठ दिवसांत कडा उचलल्या, मधे फुगे आले. आणि दुकानातल्या जुन्या कोरल सॉफ्टवेअरने अक्षरांची वाट लावली ती वेगळीच: 'टिपरी'चं 'टपिरी' झालं. बँडवाले अजून हसताहेत.

पुण्यात एका ठिकाणी पक्कं पॅनल छापून मिळतं, पण ते म्हणे किमान शंभर नग. मला एकच हवाय हो. खान्देशात कुठल्या मटेरियलवर, कसं करून घ्यावं?

धुळेकर_पाटीवाला:
भो, माझा हाच धंदा आहे, म्हणून सांगतो. फुगे आले ते घाईमुळे. इको-सॉल्व्हंट शाई (फ्लेक्स-व्हाइनलच्या मशीनची) वरून कोरडी लागली तरी आतला सॉल्व्हंट, म्हणजे शाईतलं द्रावण, उडायला एक दिवस तरी लागतो. गिऱ्हाईक उभं आहे म्हणून लगेच लॅमिनेशन मारलं की तो आतच कोंडतो, मग कडा उचलणारच. प्रिंट आज, लॅमिनेशन उद्या.
अक्षरं दुकानात पाठवायचीच नाहीत. इंकस्केपमध्ये सगळा मजकूर सिलेक्ट करून 'ऑब्जेक्ट टू पाथ' करा. मग ती अक्षरं राहत नाहीत, नुसते आकार होतात. फाइल पीडीएफमध्ये द्या.
मापाचं म्हणाल तर आधी सांगा, प्रिंट आडवी-उभी दोन्हीकडे लहान आली की एकाच बाजूला? एकाच बाजूला असेल तर मशीनचा फीड, म्हणजे रोल पुढे सरकवणं, चुकतोय. दोन्हीकडे सारखी असेल तर कोणीतरी फाइलच लहान केलीय.

तापीकाठ:
व्हाइनल सोडाच. आमच्या भुसावळात मे महिन्यात 44-45 डिग्री होतं, स्टेजवर उन्हात एसीपी तव्यासारखा तापतो, गोंद सरकतोच. इन्व्हर्टर, वॉशिंग मशीनच्या पॅनलवर छपाई फिल्मच्या खालच्या बाजूला असते, बोट शाईला लागतच नाही. तेच घरगुती पद्धतीने करा. लेझर प्रिंटरला चालणारी पारदर्शक शीट घ्या (दुसरी कुठलीही घातली तर फ्यूजरमध्ये (प्रिंटरचा तापणारा भाग) वितळून बसते आणि दुकानदार तुमच्या मागे लागतो), डिझाइन आरशातल्यासारखं उलटं छापा. छापलेल्या बाजूवर पांढरं व्हाइनल लावा, त्याच्या मागे दुहेरी चिकट ट्रान्स्फर टेप. तुमचं पॅनल 320 मिमी, म्हणजे ए-4 पुरणार नाही, ए-3 लेझरवालं दुकान गाठा.
आणि भोकं आधीच पाडलीत ना? मग डिझाइनप्रमाणे भोकं शोधू नका, भोकांप्रमाणे डिझाइन सरकवा. पॅनलवर पातळ कागद ठेवून पेन्सिल आडवी घासा, लहानपणी नाण्याचा ठसा घ्यायचो तसा. सगळ्या कडा उमटतात. त्यावरून मापं घ्या.

धागाकर्ता:
मोजलं. 320 चे 317 आणि 180 चे 178 च्या किंचित वर. म्हणजे दोन्हीकडे सारखंच. दुकानात जाऊन विचारलं तर पोऱ्या हसून म्हणतो, "रोलवर उरलेल्या पट्टीत बसत नव्हतं, कोपरा ओढून जरासं लहान केलं." जरासं!
पेन्सिलचा ठसा घेतला. माझीच दोन भोकं दीड-दीड मिमी चुकलेली निघाली, त्याचा राग त्या पोऱ्यावर काढत होतो. ए-3 शीटवर उलटी प्रिंट रविवारी जळगावहून आणतो. पण फेडरच्या लांब फटी कशा कापायच्या? मागच्या वेळी कोपऱ्यापासून फाटत गेलं.

धुळेकर_पाटीवाला:
फटीला कोपरा ठेवूच नका. चिकटवायच्या आधी, शीट लाकडी फळीवर ठेवून, फटीच्या दोन्ही टोकांना चामड्याच्या पंचने गोल भोक पाडा. मग स्टीलची पट्टी धरून गोलापासून गोलापर्यंत ब्लेड ओढा. टोक गोल असलं की फाटत नाही. एका दमात कापायला जाऊ नका, तीन-चार हलके हात फिरवा. पॉटच्या नटखाली फायबरचा वॉशर टाका, नाहीतर नट आवळताना फिल्म पिळवटते.
आणि पुढच्या वेळी प्रिंटच्या कडेला 100 मिमीची एक रेघ टाकून ठेवा. दुकानातच पट्टी लावून बघा, मगच पैसे द्या.